दोन पानांचा पेपर आणि चाळीस वर्षांचा प्रश्न: जॉन डॉयल कसे वाचावेत

तुम्ही कंट्रोलमध्ये पीएचडी करायचं ठरवलं असेल, तर कुणीतरी सीनियर तुम्हाला एक पेपर फॉरवर्ड करेलच. जॉन डॉयल यांचा, ऑगस्ट १९७८ च्या आयट्रिपलई ट्रान्झॅक्शन्स ऑन ऑटोमॅटिक कंट्रोलमधला. एलक्यूजी रेग्युलेटरला कोणती मार्जिन्स हमखास मिळतात, असा विषय शीर्षकात आहे आणि सारांशात फक्त तीन शब्द आहेत. अर्थ एवढाच की कोणतीच नाहीत. फॉरवर्ड करणारा सोबत एक हसरी इमोजी टाकतो, आपणही हसतो, पीडीएफ ‘नंतर वाचू’ फोल्डरमध्ये जाते. झालं.

माझं म्हणणं असं की या पेपरचा आपण विनोद करून टाकलाय, आणि त्यामुळे त्यातली कामाची गोष्ट हातातून निसटते. डॉयल आज कॅलटेकमध्ये कंट्रोल अँड डायनॅमिकल सिस्टिम्स, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि बायोइंजिनिअरिंग या तिन्हींचे प्राध्यापक म्हणून ओळखले जातात. विमानं, इंटरनेट, पेशी असं सगळीकडे त्यांचं काम पसरलेलं आहे. बायोडेटा वरवर चाळला तर वाटतं, हा माणूस सारखा विषय बदलत होता. तसं नाहीये. प्रश्न एकच आहे, फक्त त्याला दर वेळी नवी जागा मिळाली. तो प्रश्न काय, तो कुठे भक्कम उभा राहिला आणि कुठे मला पटत नाही, हे या पोस्टमध्ये बघू.

आधी १९७८ पर्यंतची गोष्ट

एलक्यूआर तुम्ही बी.ई. किंवा एम.टेक.ला केलंच असेल. प्लांटचे सगळे स्टेट मोजता येतात असं धरायचं, खर्चाचं क्वाड्रॅटिक फंक्शन लिहायचं, रिकाटी समीकरण सोडवायचं, गेन मिळाला. याची छान गोष्ट अशी की ऑप्टिमल असण्यासोबत सुरक्षितताही मिळते. एका इनपुटच्या सिस्टिमसाठी रुडॉल्फ कालमन यांनी १९६४ मध्येच याचा पाया घातला होता, आणि सफोनोव्ह व अथान्स यांनी १९७७ मध्ये तो अनेक इनपुटपर्यंत नेला. एका इनपुटचा हिशोब असा: लूपचा गेन अर्ध्यापर्यंत उतरला किंवा कितीही वाढला तरी सिस्टिम स्थिर राहते, आणि फेज मार्जिन किमान ६० अंश मिळते. म्हणजे तुमचा मोटर सांगितल्यापेक्षा कमजोर निघाला तरी फारसं बिघडत नाही.

पण खऱ्या यंत्रात सगळे स्टेट कुठे मोजता येतात? मग कालमन फिल्टर आला. तो मोजमाप बघतो, आपण दिलेला कमांड बघतो आणि प्लांटच्या मॉडेलवरून स्टेटचा अंदाज करतो. अंदाज रेग्युलेटरला दिला की एलक्यूजी तयार. सेपरेशन प्रिन्सिपल सांगतं की दोन्ही भाग वेगवेगळे डिझाइन केले तरी एकत्र केल्यावर उत्तर ऑप्टिमलच राहतं. मग साहजिकच सगळ्यांना वाटलं की रेग्युलेटर सुरक्षित, फिल्टर चांगला, तर जोडीही सुरक्षित असणार.

गाडी रिव्हर्स घेताना मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा माणूस आठवा. समजा अंधार आहे आणि त्याला गाडीचं मागचं टोक तेवढं अंधुक दिसतंय. बाकीचा हिशोब तो डोक्यात करतोय: ड्रायव्हरने इतका क्लच सोडला म्हणजे गाडी इतकी मागे आली असणार. ड्रायव्हर कुशल आहे, मागचा माणूसही हुशार आहे. पण आज गाडीचा क्लच नेहमीपेक्षा जरा जास्त पकडतोय आणि मागच्याच्या डोक्यात जुनी गाडी आहे. तो सांगतो एक, घडतं दुसरं, आणि ड्रायव्हर त्याच्या शब्दावर विसंबून पुढची चाल करतो. चूक एकट्याची नाही. तरी गाडी भिंतीला लागते.

वही घ्या, हे खरंच हाताने होतं

डॉयल यांनी जे उदाहरण दिलं ते इतकं छोटं आहे की एका संध्याकाळी तपासून होतं. दोन स्टेटचा प्लांट. दोन्ही पोल अधिक एकवर, म्हणजे मुळातच अस्थिर. इनपुट दुसऱ्या स्टेटला जातो, मोजमाप पहिल्याचं होतं. स्टेटच्या वजनाचा मॅट्रिक्स असा की चारही जागी एकच संख्या. तिला ‘क्यू’ म्हणू. नॉइजचा मॅट्रिक्सही तसाच. इनपुटचं वजन आणि मोजमापाचा नॉइज दोन्ही एक.

रिकाटी समीकरण सोडवलं की रेग्युलेटरचे दोन्ही गेन सारखेच येतात: २ अधिक (४ + क्यू) चं वर्गमूळ. क्यू ६० घ्या. ६४ चं वर्गमूळ ८, म्हणजे गेन १०. उदाहरण दोन्ही बाजूंनी सारखं रचलेलं आहे, त्यामुळे नॉइजची संख्याही ६० घेतली की फिल्टरचा गेनही १०.

आता कंट्रोलरला वाटतंय की ॲक्चुएटरचा गेन १ आहे. खरा गेन ‘एम’ आहे असं समजा. बंद लूपचं चार घातांचं कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल लिहा आणि शेवटचं, एसविना असलेलं पद बघा. ते येतं १ + (१ − एम) × १००. स्थिरतेसाठी हे पद धन असायलाच हवं. एम बरोबर १.०१ झाला की ते शून्य होतं, त्यापुढे ऋण. म्हणजे ॲक्चुएटर फक्त एक टक्का जास्त ताकदीचा निघाला की तुमचा ‘ऑप्टिमल’ कंट्रोलर कोसळतो! त्याच्या आधीचं पद म्हणतं की एम ०.९२ च्या खाली गेला तरी तेच. आणि क्यू ६० ऐवजी आणखी वाढवला तर ही खिडकी हवी तितकी अरुंद करता येते. म्हणून हमी नाही.

आपल्या लॅबमध्ये कोणता ॲक्चुएटर एक टक्क्यापर्यंत माहीत असतो, हे तुम्हीच मला सांगा.

पेपर काय म्हणत नाही

इथे थांबायला हवं, कारण गैरसमज इथेच होतो. मी पहिल्या वर्षी एका सेमिनारमध्ये आत्मविश्वासाने सांगून टाकलं होतं की डॉयल यांनी एलक्यूजी चुकीचं ठरवलं. समोरून शांतपणे प्रश्न आला, ‘कोणत्या ओळीत?’ मला ओळ सापडली नाही, कारण ती नाहीच.

‘हमी नाही’ आणि ‘वाईट आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यासाठी एक प्रतिउदाहरण पुरतं. दुसऱ्यासाठी सगळ्या किंवा निदान नेहमीच्या परिस्थितींबद्दल काहीतरी सिद्ध करावं लागेल. डॉयल यांचं उदाहरण मुद्दाम रचलेलं आहे. अस्थिर प्लांट, विशिष्ट दिशेने येणारा नॉइज, मोठी वजनं. ते तुमच्या प्लांटबद्दल काहीच सांगत नाही. एवढंच सांगतं की तुमच्या प्लांटसाठी मार्जिन तुम्हाला स्वतः तपासावं लागेल, प्रमेयावर ढकलता येणार नाही.

याचा पुरावा त्यांच्याच पुढच्या पेपरात आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये, म्हणजे एकाच वर्षाने, डॉयल आणि गुंटर स्टाइन यांनी याच फिल्टरच्या डिझाइनमध्ये बदल करून हरवलेली मार्जिन्स परत कशी मिळवायची हे दाखवलं. त्यातून पुढे लूप ट्रान्सफर रिकव्हरी ही पद्धत रुजली. म्हणजे एलक्यूजी त्यांनी फेकून दिलं नाही. तडा कुठे आहे ते दाखवलं आणि लगेच बुजवायलाही बसले. फॉरवर्डमध्ये पहिला पेपर असतो, दुसरा नसतो. दोन्ही सोबत वाचा, एवढीच विनंती.

अजून एक गोष्ट. ही शंका १९७८ मध्ये आकाशातून पडली नव्हती. रोझेनब्रॉक आणि मॅकमॉरन यांनी १९७१ मध्येच त्याच जर्नलमध्ये विचारलं होतं की ऑप्टिमल म्हणजे चांगलं असतंच का. ती तक्रार अनुभवी इंजिनिअरची होती. डॉयल यांनी तिला अंक दिले. वाद संपवायला अंकच लागतात, हे आपल्याला लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पदवीचा क्रम आणि प्रश्नाचा क्रम

आता करिअरकडे वळू. डॉयल यांनी १९७७ मध्ये एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं बी.एस. आणि एम.एस. केलं. ते त्या काळात मिनिआपोलिसच्या हनीवेल कंपनीच्या संशोधन केंद्राचे सल्लागार होते. बर्कलीतून गणितात पीएचडी मिळाली १९८४ मध्ये. म्हणजे दोन पानांचा पेपर, स्टाइन यांच्यासोबतचं काम आणि १९८२ चा स्ट्रक्चर्ड सिंग्युलर व्हॅल्यूचा पेपर, ज्याला आपण ‘म्यू’ म्हणतो, हे सगळं पीएचडी हातात पडण्याआधीचं आहे.

यातून ‘डिग्रीची गरज नाही’ असा अर्थ काढू नका, कृपया! मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. हनीवेलमध्ये उड्डाणाचे कंट्रोलर बनत होते. तिथे ‘मॉडेल बरोबर आहे असं समजा’ म्हणून सुटका होत नाही, कारण विमान ते समजून घेत नाही. प्रश्न कारखान्याकडून आला आणि उत्तर गणितात शोधावं लागलं. गणितात पीएचडी करण्यामागेही मला हीच गरज दिसते.

म्यूचा प्रश्नही तोच आहे, फक्त मोठा केलेला. एका ॲक्चुएटरचा गेन बदलला तर काय, हे आपण वर पाहिलं. पण खऱ्या विमानात पाच-दहा गोष्टी एकाच वेळी थोड्या थोड्या चुकीच्या असतात. सगळी अनिश्चितता एका गाठोड्यात बांधली तर उत्तर फारच घाबरट येतं. एकेक वेगळी तपासली तर एकत्र येऊन होणारा घात सुटतो. म्यू विचारतो, कोणती चूक कुठे आहे हे माहीत असेल तर सगळ्या मिळून किती सहन होतील? सफोनोव्ह यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे असाच विचार मांडला होता. त्यामुळे श्रेय एकट्याला देऊ नका.

आयआयटी मुंबईचे दोन माजी विद्यार्थी, दोन बाजूंना

१९८१ मध्ये जॉर्ज झेम्स यांनी एच-इन्फिनिटीची कल्पना मांडली. सरासरी खर्चाऐवजी सगळ्यात वाईट परिस्थिती धरून डिझाइन करायचं. कल्पना सुंदर होती, पण सुरुवातीच्या पद्धतींनी सोडवायला घेतलं की गणित अवजड आणि कंट्रोलर प्लांटपेक्षा कितीतरी मोठ्या ऑर्डरचा यायचा. १९८९ मध्ये चार जणांचा पेपर आला: डॉयल, ग्लोव्हर, खरगोनेकर आणि फ्रान्सिस. चार नावांच्या आद्याक्षरांवरून जग त्याला डीजीकेएफ म्हणतं. त्यांनी दाखवलं की दोन रिकाटी समीकरणं सोडवा, एक अट तपासा, आणि प्लांटच्याच ऑर्डरचा कंट्रोलर मिळेल. उत्तराची रचना जवळजवळ एलक्यूजीसारखीच, एक रेग्युलेटर आणि एक एस्टिमेटर. मात्र आता एस्टिमेटर सगळ्यात वाईट धक्का गृहीत धरून अंदाज करतो. ज्या इमारतीला १९७८ मध्ये तडा दाखवला होता, तिचाच आराखडा घेऊन नवी इमारत बांधली.

यातले प्रमोद खरगोनेकर १९७७ चे आयआयटी मुंबईचे इलेक्ट्रिकलचे बी.टेक. पुढे १९८१ मध्ये त्यांनी फ्लोरिडा विद्यापीठातून पीएचडी केली, जिथे तेव्हा खुद्द कालमन होते. आयट्रिपलईचा कंट्रोल सिस्टिम्स अवॉर्ड डॉयल यांना २००४ मध्ये आणि खरगोनेकर यांना २०१९ मध्ये मिळाला.

इथे गोष्ट संपवली तर ती सत्कार समारंभाची होईल. म्हणून पुढचं ऐका. १९९७ मध्ये कील आणि भट्टाचार्य यांचा पेपर आला. शंकर भट्टाचार्य टेक्सास ए अँड एमचे, आणि तेही आयआयटी मुंबईचेच, १९६७ चे. त्यांनी विचारलं: तुम्ही प्लांटमधली चूक सहन करणारे कंट्रोलर बनवलेत, छान. पण कंट्रोलरच्याच गुणकांमध्ये किंचित चूक झाली तर? चिपवर राउंड-ऑफ होतो, रेझिस्टर टॉलरन्सचे असतात. त्यांनी प्रकाशित पुस्तकांतली आणि पेपरांतली उदाहरणं घेऊन दाखवलं की एच-इन्फिनिटी आणि म्यूने काढलेले काही कंट्रोलर गुणकांच्या अतिसूक्ष्म बदलाने सिस्टिम अस्थिर करतात.

डॉयल यांनी एलक्यूजीला जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न वीस वर्षांनी त्यांच्या परंपरेला परत आला. या पेपरवरही आक्षेप आले. कंट्रोलर कोणत्या रूपात लिहिता त्यावर ही नाजूकता अवलंबून असते, हा मुद्दा रास्तच आहे. तरी मूळ धडा उरतो. हमी नेहमी कशाविरुद्ध तरी असते. यादीत जे लिहिलं नाही, त्याविरुद्ध हमी नसते.

पुढचं काम, आणि माझी तक्रार

हाच धडा डॉयल यांनी पुढे कंट्रोलच्या बाहेर नेला. १९९९ पासून जीन कार्लसन यांच्यासोबत त्यांनी मांडलं की ज्या सिस्टिम माहीत असलेल्या धोक्यांसाठी खूप काळजीने घडवल्या जातात, त्या अनपेक्षित धोक्यांपुढे तितक्याच नाजूक होतात. ‘मजबूत तरीही नाजूक’ हे त्यांचं सूत्र. तुम्ही बघाल तर हे १९७८ चंच उदाहरण आहे. एका नॉइजसाठी अगदी ऑप्टिमल, म्हणूनच एक टक्क्याच्या चुकीपुढे हतबल.

यातला इंटरनेटचा भाग मला फार आवडतो. २००० च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञांमध्ये असं चित्र लोकप्रिय झालं होतं की इंटरनेट मोजक्या महाकाय जोडबिंदूंवर उभं आहे, ते पाडले की सगळं कोसळेल. डॉयल, विलिंजर, ऑल्डरसन आणि सहकाऱ्यांनी २००४ आणि २००५ च्या पेपरांत राउटर प्रत्यक्षात कसे बनतात तिथून सुरुवात केली. राउटरची एकूण क्षमता मर्यादित असते. एकतर थोड्या, पण खूप वेगवान जोडण्या घ्या, किंवा पुष्कळ, पण मंद. म्हणून मध्यभागी थोड्या जोडण्यांचे वेगवान राउटर असतात आणि पुष्कळ जोडण्यांचे राउटर कडेला, ग्राहकांच्या जवळ. जोडण्यांचा आलेख तोच, पण अर्थ उलटा. असला दावा तपासता येतो. कुणीही राउटरची माहिती बघून हो किंवा नाही म्हणू शकतं.

पण नंतरच्या लेखांत आणि व्याख्यानांत ‘आर्किटेक्चर’, ‘थर’, ‘सार्वत्रिक नियम’ हे शब्द इतके पसरतात की पेशी, मेंदू, समाज सगळं एकाच स्लाइडवर येतं. तिथे मी अडखळतो. २०११ चा सायन्समधला ग्लायकोलिसिसचा पेपर घ्या. पेशीत साखर मोडताना दिसणारी आंदोलनं ही कार्यक्षमता आणि स्थिरता यांच्यातल्या तडजोडीतून अपरिहार्य ठरतात, असं तिथे छोट्या मॉडेलवरून गणिताने दाखवलंय. तिथे बोट ठेवून भांडता येतं. पण तिथून उडी मारून ‘सगळ्या गुंतागुंतीच्या सिस्टिम अशाच’ म्हटलं, तर मी कोणतं पद शून्य होतं ते बघू? १९७८ च्या पेपरची ताकद हीच होती की तो चुकीचा असता तर एका संध्याकाळी उघडा पडला असता. नंतरच्या मोठ्या विधानांना ती जोखीम नाही. ज्या कसोटीवर त्यांनी एलक्यूजीला उभं केलं, त्याच कसोटीवर मी त्यांच्या या विधानांना उभं करतोय, आणि तिथे मला हमी सापडत नाही. विधानं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. वर सांगितलेला फरक इथेही पाळायला हवा.

तुम्ही यातून काय घ्यायचं

प्रवेशाच्या मुलाखतीत तुम्हाला विचारतील, ‘तुमची पद्धत ऑप्टिमल आहे म्हणता, मग अडचण काय?’ प्रपोजल लिहिताना तुम्ही सिम्युलेशन दाखवाल. त्यात बहुतेक वेळा कंट्रोलरच्या पोटातलं मॉडेल आणि सिम्युलेशनमधला प्लांट एकाच फाइलमधून आलेले असतात. माझेही आले होते, आणि आलेख इतके गुळगुळीत होते की मला शंकाच आली नाही. नंतर प्लांटच्या फाइलमध्ये एक गुणक दोन टक्क्यांनी बदलला आणि आठ महिन्यांचं काम पुन्हा उघडावं लागलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण व्हायवाला कळण्यापेक्षा आपल्याच खोलीत कळलेलं बरं.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करा. पहिली, वरचा १.०१ स्वतः वहीत काढा, मॅटलॅब न उघडता. दोन पानं लागतील. दुसरी, तुमच्या स्वतःच्या प्रपोजलमध्ये जिथे ‘ऑप्टिमल’, ‘रोबस्ट’ किंवा ‘अचूक’ लिहिलंय, तिथे पेन्सिलने शेजारी लिहा: कशाविरुद्ध? उत्तर लिहिता आलं तर शब्द ठेवा. नाही आलं तर तो शब्द तूर्त खोडा. बहुधा तुमच्या संशोधनाचा खरा प्रश्न त्या खोडलेल्या जागीच निघेल. निघाला तर खाली कमेंटमध्ये लिहा, मला वाचायला आवडेल.